सागवानी डेक काळपट-राखाडी पडलाय. घासून थेट तेल लावलं तर चालेल का?

चालेल, पण घासण्याआधी डेक धुवायलाच हवा. तो राखाडी थर म्हणजे उन्हाने मेलेले लाकडाचे तंतू. आधी फळ्यांमधल्या फटींतला कचरा काढा, वर आलेले स्क्रू आत बसवा. मग डेक क्लीनर लावून नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. प्रेशर वॉशरचा मोह टाळा, जवळून मारला की लाकूड केसाळ होतं. लोखंडाचे काळे डाग राहिले तर ऑक्झॅलिक ॲसिड लावा (हातमोजे आणि चष्मा घालूनच) आणि भरपूर पाण्याने धुवा.

निदान दोन-तीन दिवस कडक वाळू द्या, मग ६० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ८०. इथे बरेच जण चुकतात: १५० पर्यंत घासून फळी आरशासारखी करतात आणि मग तेल आत मुरतच नाही. पाण्याचे चार थेंब टाकून बघा. ते पटकन जिरले तर लाकूड तयार आहे, मोत्यासारखे वर बसले तर अजून घासा.

तेल सावलीच्या वेळी, पातळ हाताने, एका वेळी दोन-तीन फळ्या टोकापर्यंत. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून घ्या, नाहीतर डेक चिकट राहतो. व्हार्निश मला उघड्यावर पटत नाही, पापुद्रे सुटले की सगळं खरवडत बसावं लागतं.

आणि तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.