रिसेल फ्लॅट घेताना एजंट मालकाला भेटू देत नाही, आधी टोकन मागतो आणि उद्धट बोलतो. अशा एजंटशी कसं वागावं?

तुमचा एजंट तुम्हाला "एवढी शंका असेल तर घर घेऊच नका" म्हणाला हे वाचलं आणि डोक्यात सणक गेली, कारण हेच वाक्य मला सिंहगड रोडच्या एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं करून ऐकवलं गेलंय. वर नवऱ्याकडे बघून, "सर, तुम्ही समजवा मॅडमना." मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, लोन माझ्या पगारावर होणार होतं, आणि हा माणूस मला तासभर फक्त किचनचा ओटा दाखवत होता.

पुण्यात रिसेल बघताय म्हणजे स्टोरी तीच असणार. आम्हाला भाव सांगितला ८० लाख. त्यातले ७६ चेकने, ४ कॅश, आणि कॅश "माझ्याकडे द्या, मालक वयस्कर आहेत, त्यांना कशाला त्रास". टोकन ५१ हजार, तेही त्याच्या स्वतःच्या जीपेवर, आणि आजच्या आज, कारण संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. ही दुसरी पार्टी पुण्यातल्या प्रत्येक फ्लॅटला असते आणि ती नेहमी संध्याकाळीच येते.

मी टोकन दिलं नाही. घरी येऊन नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च उघडलं (फुकट आहे, साइट रडवते पण चालते) आणि त्या सर्व्हे नंबरवरचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) काढले. त्याच बिल्डिंगमधले, तेवढ्याच एरियाचे फ्लॅट ७३-७४ ला गेलेले दिसले. एजंटला विचारलं तर म्हणे तो पेपरवरचा आकडा असतो मॅडम. असेलही, पण बँक मला लोन पेपरवरच्या आकड्यावरच देणार आहे ना? आणि मुद्दा असा की इंडेक्स टू वर घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावं असतात, म्हणजे आपल्या फ्लॅटचा मालक कोण हे एजंटने लपवून लपतच नाही. मग सरळ सोसायटीच्या ऑफिसात गेले, मेंटेनन्स थकलाय का विचारायला. सेक्रेटरींनी तिथूनच मालकीणबाईंना फोन लावून दिला.

आता इथे लोक म्हणतील, मग काय, एजंटला कटवलं ना? नाही. मी त्याला मेसेज टाकला की रविवारी अकराला मालकीण काकूंकडे औंधला जातोय, तुम्हीही या. त्यावर जो फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण आला तो. हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसला होता.

काकू सत्तरीच्या, मुलाकडे राहायच्या. भिंतीवर कालनिर्णय, आणि त्याच्या चौकोनांत पेन्सिलीने सगळं लिहिलेलं, गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कुठला, आणि कुठल्या दिवशी कुठली पार्टी काय म्हणाली. आम्ही ज्या शनिवारी एजंटला ७४ ची ऑफर दिली होती त्या शनिवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नवरा-बायको, ७०". मी काही बोलले नाही, नुसतं बोट ठेवलं. काकूंनी चष्मा वर करून एजंटकडे पाहिलं. तो म्हणाला, "अहो मार्केटमध्ये असं करावं लागतं." कॅशचं विचारलं तर काकू म्हणाल्या कसली कॅश, मला सगळे बँकेतच हवेत, मी पेन्शनवाली बाई. म्हणजे ते ४ लाख कुणाचे होते ते तुम्हीच ओळखा. काकूंना खाली दाबायचं, आम्हाला वर चढवायचं, आणि मधली मलई आपली.

चहा झाला, काकूंनी ७५ म्हटलं, आम्ही हो म्हटलं, सगळं व्हाइट.

खरं भांडण त्यानंतरचं आहे आणि ते एजंटशी नाही, माझ्या मोठ्या दिरांशी आहे. मी त्या एजंटला ठरलेली दलाली दिली. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर १ टक्का लिहून घेतला होता, नंतर तो २ मागायला लागला तेव्हा तोच मेसेज परत पाठवला, आणि ७५ हजारांचा चेक रजिस्ट्रेशनच्या दिवशी हातात दिला. दादांना हे अजून पचलेलं नाही. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तोच विषय, चोराला बक्षीस दिलंस, मालकीण थेट भेटली होती, त्याला बाजूला करून व्यवहार करायचा होता. आणि मग स्वतःच्या फ्लॅटच्या वेळी त्यांनी दलाली न देता एजंटला कसा टांगला ती गोष्ट, हशा-टाळ्यांसकट.

माझं म्हणणं साधं आहे. तो खोटं बोलला, त्याचं खोटं मी त्याच्यासमोर उघडं पाडलं, त्याला ४ लाख मिळाले नाहीत, विषय संपला. पण फ्लॅट त्यानेच दाखवला होता, तो कुठल्याही पोर्टलवर नव्हता. काकूंचं बिल्डरबरोबरचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट सापडत नव्हतं, बँक त्यावर अडून बसली होती, तेव्हा सर्टिफाइड कॉपीसाठी सब-रजिस्ट्रारकडे खेटे त्यानेच घातले. आणि एक दादांना कधीच सांगितलं नाही ते इथे सांगते. आम्ही ड्राफ्ट दोघांच्या नावाने करायला टाकला होता, त्याला थांबवलं ते त्या एजंटनेच. "एकट्या मॅडमच्या नावावर घ्या सर, एक टक्का स्टॅम्प ड्युटी वाचेल." पुण्यात ७ टक्के लागते, फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. ७५ लाखांवर १ टक्का किती होतो तो हिशोब दादांनीच करावा. आणि ज्यांनी एजंटला टांगल्याचा एवढा अभिमान त्यांना आता तोच फ्लॅट भाड्याने द्यायचाय तर एरियातला एकही एजंट पार्टी घेऊन येत नाही. त्यांच्या ग्रुपवर नावं फिरतात.

तुमचं म्हणाल तर टोकन एजंटला अजिबात देऊ नका, मालकाच्या नावाने चेक, आणि विसार पावतीवर (टोकनची लेखी पावती) लिहून घ्या की टायटलमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदांत, घोळ निघाला किंवा त्यामुळे लोन नाकारलं तर पूर्ण रक्कम परत. मालकाला भेटल्याशिवाय आकडा बोलू नका. मालक दुबईला आहे म्हणाला तर व्हिडिओ कॉल लावायला सांगा, दुबईत फोन असतात. कॅशचं नाव काढलं तर म्हणायचं की घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेणं कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. हे ऐकलं की आवाज खाली येतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (मालकाच्या पैशातून आधीच कापायचा इन्कम टॅक्स) तुम्ही कापून भरायचा असतो, ते एजंटवर सोडू नका. वकील स्वतःचा घ्या, एजंट "आपलाच माणूस आहे" म्हणून देतो तो तर नकोच. आणि तो उद्धट बोलतो त्याचं काय करायचं, तर काही नाही, त्याला थोडीच घरात ठेवायचाय.

सगळेच एजंट असे नसतात हेही खरं, मैत्रिणीला मिळालेला इतका सरळ होता की लिफ्ट बंद पडते हे त्यानेच आधी सांगितलं. आणि कुणी कमेंटमध्ये महारेराकडे (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) तक्रार करा लिहील, तर रेरा कायदा रजिस्टर्ड प्रोजेक्टमधल्या एजंटांपुरता आहे. नवीन प्रोजेक्ट असेल तर एजंटचा महारेरा नंबर जरूर मागा, जुन्या बिल्डिंगच्या रिसेलला त्याचा फारसा उपयोग नाही.

अजून एक, पार्किंग. "अलॉटेड आहे" असं एजंट तोंडी सांगतो. सोसायटीचं अलॉटमेंट लेटर बघितल्याशिवाय त्याचा एक रुपया वेगळा देऊ नका, स्टिल्ट (बिल्डिंगखालचं, खांबांमधलं) किंवा ओपन पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी तसंच "विकत" घेतलेलं होतं, आता त्या जागेत सेक्रेटरींची वॅगन-आर उभी असते आणि त्यांचा एजंट फोन उचलत नाही.