अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. ‘लॅपटॉपवर तिन्ही वेळा पास, सर्व्हरवर फेल. मला टेस्ट लिहिताच येत नाहीत बहुतेक.’ नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. पण टेस्ट ऑटोमेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये, कितीतरी वेळा अंगणच वाकडं निघतं. आधी ते तपास, मग स्वतःला नावं ठेव.

माझंच सांगतो. बिलिंगचा प्रोजेक्ट होता. दिवसभर सगळं हिरवंगार, म्हणजे पास; रात्री दोनच्या बिल्डमध्ये (कोड जुळवून सगळ्या टेस्ट चालवण्याच्या फेरीत) एकच टेस्ट लाल, म्हणजे फेल. सकाळी पुन्हा चालवली की पास. आठवडाभर आम्ही चहाचा कप हातात घेऊन री-रन दाबत होतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शेवटी लॉगमधल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा उमगलं. कोड बिलाची तारीख भारतीय वेळेने काढत होता आणि टेस्ट मात्र सर्व्हरच्या घड्याळाने; सर्व्हर होता यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरवर कालचीच तारीख चालू. लॅपटॉपवर दोन्हीकडे भारतीय वेळ, त्यामुळे तिथे हे कधी दिसलंच नसतं. तेव्हापासून मी टेस्टला खऱ्या घड्याळाकडे बघू देत नाही. ‘आज 31 मार्च, रात्रीचे 11:50’ असं टेस्टच कोडला सांगते.

आता तुझं. लॉगमध्ये क्रोमचा टॅब क्रॅश झालेला दिसतोय, आणि तोही जड रिपोर्टच्या पानावर. डॉकरच्या कंटेनरला (सर्व्हरवर प्रोग्राम ज्या बंदिस्त डब्यात चालतो त्याला) आपण काही सांगितलं नाही तर शेअर्ड मेमरी फक्त 64 एमबी मिळते. क्रोमला ती पुरत नाही आणि तो मान टाकतो. कंटेनर चालू करताना एसएचएम-साइज (याच मेमरीची सेटिंग) 2 जीबी देऊन बघ. तुझ्या टेस्टचा यात दोष नसावा.

कंटेनरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इमेजच्या (ज्या साच्यातून कंटेनर तयार होतो त्याच्या) नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिलंयस, ते मात्र आजच काढ. लेटेस्ट म्हणजे आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरंच. नेमका व्हर्जन नंबर लिही आणि तो कधी वाढवायचा हे आपण ठरवू. क्रोमसाठी 2023 पासून ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ मिळतो, तो आपोआप अपडेट होत नाही.

डेटाबेसचंही तेच. लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस आणि प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमला) पोस्टग्रेस, ही काटकसर महागात पडते. एसक्यूलाइट आकड्याच्या कॉलममध्ये ‘अबक’सुद्धा मुकाट्याने ठेवून घेतं, पोस्टग्रेस तिथल्या तिथे हाकलून देतं. टेस्टसाठी कंटेनरमध्ये पोस्टग्रेसच उभं कर, प्रॉडक्शनला आहे त्याच व्हर्जनचं. आणि सगळ्या टेस्टमध्ये मिळून एकच ‘डेमो युजर’ नको. एक टेस्ट त्याचा पत्ता बदलते, दुसरी जुना पत्ता शोधत बसते. ज्याने त्याने आपला डेटा तयार करावा आणि जाताना आवरून जावं. हे जमलंय का बघायचं तर टेस्टचा क्रम रोज उलटसुलट कर. लपलेली नाती लगेच बाहेर पडतात.

‘पाच सेकंद थांब’ छापाच्या ओळींबद्दल आपलं आधी बोलणं झालंय. बटण दिसेपर्यंत थांब, घड्याळ बघून नको.

हे एकट्या तुझ्याच वाट्याला आलंय असं समजू नकोस. गुगलने 2016 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये असा लहरीपणा आहे, म्हणजे कोड तोच असूनही कधी पास, कधी फेल. मला धास्ती असते ती टीमला त्याची सवय होण्याची. लांडगा आला रे आला ऐकून ऐकून लोक लाल रंगाकडे बघेनासे होतात, आणि खरा बग त्याच गर्दीतून प्रॉडक्शनला पोचतो. म्हणून ‘फेल झाली तर तीनदा आपोआप चालव’ ही सेटिंग मला आवडत नाही. (रिलीजच्या रात्री मीही ती लावली आहे, खोटं कशाला बोलू.) लहरी टेस्ट मुख्य बिल्डमधून बाजूला काढ, तिच्यासमोर कुणाचं तरी नाव आणि तारीख टाक.

मेमरीचा बदल केलास की तीच टेस्ट सर्व्हरवर लागोपाठ वीस वेळा चालव. एकदा जरी पडली तर त्या वेळचा लॉग आणि स्क्रीनशॉट पाठव. सोमवारी जेवणानंतर मी मोकळा आहे.

तुझा,
जुना टीम लीड