पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या समुपदेशक मैत्रिणीला

अगं, प्रकाशक शोधण्याआधी पुस्तकातली प्रत्येक क्लायंटची केस पुन्हा वाच. त्या क्लायंटची जाऊ वाचेल तर तिला ओळखेल का, हे बघ. नुसतं नाव बदलून भागत नाही. कोथरूडची शिक्षिका, नवरा हिंजवडीत, मुलगी जर्मनीत, एवढ्यावर सोसायटीतल्या बायका अचूक अंदाज बांधतात. (पुणेकरांना कमी लेखू नकोस!) वय, व्यवसाय, नाती सगळं हलव. तरी शंका उरली तर लेखी संमती घे, पण थेरपी चालू असताना मागू नकोस. समोर तूच बसलेली असताना ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ वाचून ठेव, ते गोपनीयतेच्या हक्काबद्दल आहे.

प्रकाशकाने छपाईचा खर्च तुझ्याकडे मागितला, तर प्रती किती, वितरण कोण करणार, भाषांतराचे हक्क कोणाकडे, हे करारात लिहून घे. ‘अप्पा बळवंत चौकात पुस्तक लागेल’ हे (पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजाराचं) तोंडी आश्वासन मला पुरेसं वाटत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारकडून मोफत मिळतो, त्याचं वेगळं बिल आलं तर कशाचं ते विचार.

आणि हो, तुझे क्लायंटही हे पुस्तक वाचतील. ‘यात मी आहे का?’ असं कोणी विचारलं तर काय बोलायचं, ते तुझ्या सुपरव्हायझरशी, म्हणजे तुझ्या कामावर मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकाशी, बोलून आधीच ठरव.