आधी आईचं नाव टाका, मग बघू

ताई, यजमानांच्या मागे अनुकंपा नोकरीसाठी (सरकारी नोकर सेवेत असताना गेला तर घरातल्या एकाला मिळते ती) "आत्ता तुमच्या नावाने अर्ज द्या, मुलगा अठराचा झाला की नाव बदलू" असं ऑफिसात सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य २०१३ साली माझ्या आईने ऐकलं होतं, म्हणून लिहायला बसलो. मृत्यू दाखला, वारस दाखला वगैरे सोडून देतो, ते कोणीही सांगेल.

बाबा गेले तेव्हा आई एक्केचाळीसची, मी सतराचा. तुम्ही त्रेचाळीसच्या, मुलगा बारावीत, म्हणजे पंचेचाळीसची मर्यादा धरली तर तुमच्या हातात आमच्याहूनही कमी वेळ आहे. टेबलावरच्या गृहस्थांनी बाबांच्या फाईलची नाडीसुद्धा सोडली नाही. आई म्हणाली, "साहेब सांगतत तसा करूया, तेंका कळता." एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आम्ही आईचं नाव अनुकंपाच्या प्रतीक्षायादीत टाकलं. आई दहावी पास. शिपायाची नोकरी तिने आनंदाने केली असती, पण तुम्हाला करायचीय का, हे तिला ऑफिसात कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. आणि नाव नुसतं धरून ठेवायचं म्हटल्यावर यादीत आपला नंबर कितवा, हे विचारायला चार वर्षांत कोणी फिरकलं नाही.

अठराचा झाल्यावर मी गेलो होतो. सज्ञान झाल्यापासून वर्षाच्या आत मला स्वतःचा अर्ज करता येत होता. उत्तर मिळालं, "आईचं नाव आहे ना? एका घरातून दोन अर्ज कशाला?" तेही तोंडी! मी मान डोलावून बाहेर आलो. तेव्हा अर्ज पुढे सरकवून आवक क्रमांक घेतला असता तर पुढची वणवण टळली असती.

पंचेचाळीस ओलांडली की प्रतीक्षायादीतून नाव जातं. आईचं २०१७ मध्ये गेलं, आम्हाला कळलं २०१९ मध्ये, तेही मी यादीची प्रत मागितली म्हणून. माझं नाव लावा म्हटलं, तर यादीतलं नाव बदलता येत नाही असा २०१५ चा शासन निर्णय दाखवून नकार. त्याच वर्षअखेरीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नाव बदलण्यावरचं ते बंधन चुकीचं ठरवलं. तो निकाल घेऊन मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे तंटे बघणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलो. नोकरी लागली तेव्हा मी सव्वीसचा होतो.

२०२५ च्या सुधारित धोरणात यादीतलं नाव बदलण्याची सोय झालीय, त्यामुळे तुमचे साहेब कदाचित बरोबरही असतील. तरी माझं मत विचाराल तर, तुम्हाला स्वतःला नोकरी करायची असेल तर तुमचं नाव द्या आणि दर तीन महिन्यांनी नंबर विचारा. मुलालाच लावायचं असेल तर नाव कोणत्या नियमाने, कधी बदलणार, हे लेखी मागा. देत नसतील तर स्वतः पत्र देऊन पोच घ्या. मी वकील नाही, जिल्हा परिषदेची यादी वेगळी असते, तेव्हा तुमच्या खात्याचं नीट बघा.

बाकी वारसांची नाहरकत चतुर्थीला उरकून टाका. माझी बहीण बोरिवलीला, तिच्या एका सहीसाठी आमचा दीड महिना गेला. कुटुंब निवृत्तीवेतन नोकरी लागल्यावर बंद होईल या भीतीने आई वर्षभर कुढत होती. तसं काही होत नाही, तिला ते अजून मिळतं. आणि बारावीची परीक्षा झाली की मुलाला टायपिंगला घाला. लिपिकाच्या पदाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग लागतंच, आणि मी ते नोकरीत लागल्यावर रात्री जागून केलंय.