मीठ उन्हाळ्यात झोपतं, मृगात उठतं

प्रश्न : आबा, नमस्कार. माझी दहा चाकी गाडी आहे, चार वर्षांची. जाताना सावद्याहून केळी भरून अहमदाबादला, येताना गांधीधामकडचं मीठ. परवा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलायला गाडी उचलली, तर क्रॉस मेंबरला (चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीला) नख लावलं की गंजाचे पापुद्रे निघत होते. माझा भाचा कॅनडात आहे. तो म्हणतो, तिकडे दरवर्षी बर्फ पडायच्या आधी गाडीखाली तेल फवारून घेतात. इथे एक जण खालून डांबर मारून देतो म्हणतो, दुसरा म्हणतो जळकं ऑइल मारा. कोणाचं ऐकू?
(एक गाडीमालक, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, आज तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी गाडी धुवा.

तुमच्या भाच्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. बर्फाच्या देशांत रस्त्यावर मीठ पसरतात, कारण खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मीठ पुरेसं असेल तर ते उणे 21 अंशांपर्यंत पातळ राहतं. तेच पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं. आपल्या खान्देशात रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही. आपल्याकडे ते वरून येतं, हौद्यातून, म्हणजे माल भरायच्या पेटीतून. गुजरातचं मीठ पोत्यात असो की सुटं, ओलसर असतंच. नवापूर सोडून कोंडाईबारीचा घाट चढेपर्यंत फळ्यांच्या फटीतून ते चेसीवर झिरपत राहतं. त्याआधी हौद्यात केळीची पानं अंथरलेली असतात. ती पूर्ण काढली नाहीत तर फळीखाली ओल धरून बसतात. केळीची ओल आणि मिठाचा खार, दोन्ही एकाच जागी.

आता जे सांगतो ते नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक गाड्या इथेच फसतात. कोरडं मीठ लोखंडाला फारसं काही करत नाही. गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि त्या खाऱ्या पाण्यात गंज साध्या पाण्यापेक्षा झपाट्याने चालतो. एप्रिल-मे महिन्यात आपली हवा कोरडी ठक्क असते. मीठ चेसीच्या कोपऱ्यात पांढरी पूड होऊन पडून राहतं आणि मालकाला वाटतं, काही होत नाही. मृग लागला की तेच मीठ उठतं. पाऊस गाडीवर पडलाच पाहिजे असं नाही. शेडमध्ये उभ्या गाडीलाही आषाढ-श्रावणात आतून पाणी सुटतं. तिकडच्या रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. ते तर तीसेक टक्के आर्द्रतेतसुद्धा ओलं राहतं, म्हणून तिकडच्या गाड्यांना सुटकाच नाही. आपल्याला दरवर्षी उन्हाळा मिळतो. धुणं, खरवडणं, रंग, सगळं अक्षय्य तृतीयेपासून मृगाच्या आत उरकायचं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. 1998 साली धुळ्याला माझं गॅरेज नवं होतं. मिठाची वाहतूक करणारी एक गाडी आली. मालक घाईत होता. म्हणाला, "आबा, गाडी धुवाले टाइम नही." मी वरवर ब्रश फिरवला आणि खालून जाड डांबर मारून दिलं. गाडी काळीभोर, सुंदर दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती परत आली ती ब्रेकची हवा धरत नाही म्हणून (मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात). डांबराखाली हात घातला तर ते सालीसारखं सुटून आलं आणि आत ब्रेकची लोखंडी नळी चाळणी झालेली. घाट चढतानाच हवा गेली आणि ड्रायव्हरने वेळीच गाडी थांबवली. उतारावर असती तर काय झालं असतं, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. मीठ आत कोंडून वरून डांबर मारणं म्हणजे चोराला घरात घेऊन बाहेरून कुलूप लावणं. त्या दिवसापासून न धुतलेल्या गाडीला मी रंगाचा डबा उघडत नाही, मालक कितीही रागावला तरी.

धुण्याची रीत सांगतो. मीठ खाली झालं की आधी झाडू, मग पाणी. हौदा कोरडाच झाडा, फटी पत्र्याच्या पट्टीने साफ करा. आधीच पाइप सोडला तर सगळं मीठ विरघळून चेसीवर उतरेल. त्यानंतर भरपूर वाहतं पाणी, वरून खाली. प्रेशरचा पंप शेवटी, आणि तो व्हील हबच्या सीलवर, वायरिंगच्या जोडांवर रोखायचा नाही. पाणी गोडं हवं. मुक्ताईनगरकडच्या पट्ट्यात कित्येक बोअरचं पाणी खारट असतं. त्याने धुतलेली गाडी वाळली की वर पांढरे डाग उठतात. ते डाग दिसले तर पाणी बदला. धुतल्यावर त्याच दिवशी ग्रीसिंग करा, म्हणजे पिनांमध्ये शिरलेलं पाणी ग्रीस बाहेर ढकलतं.

पाणी कुठे मारायचं? चेसीचा चॅनल आतून बघा. त्याची खालची कड पन्हाळीसारखी असते, तिच्यात आपली काळी माती थापून बसते आणि ती आठवडाभर ओल सोडत नाही. जिथे चेसीला दुहेरी पट्टी जोडलेली आहे ती फट, पाट्यांच्या मधल्या जागा, डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली, बॅटरीच्या पेटीखाली, हौदा आणि चेसीच्या मधल्या लाकडाखाली. रुंद, उघड्या भागाची मला काळजी नाही, तो वाळतो. दोन पत्रे एकमेकांना चिकटतात तिथे खरा घात होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगून पत्रे फाकवतो, रिव्हेट ताणतो.

आता तुमचं क्रॉस मेंबर. लहान हातोडीने ठोकत जा. टण्ण वाजलं तर लोखंड शाबूत आहे. थप्प वाजलं किंवा स्क्रू ड्रायव्हर रुतला तर रंगाचा विषय संपला, तो भाग बदला. चेसीला मात्र मनाने वेल्डिंग करू नका, वरच्या-खालच्या कडांना भोकही पाडू नका. ते काम कंपनीच्या सूचनेप्रमाणे करणाऱ्याकडेच न्या. चार वर्षांच्या गाडीत बहुधा वरचेच पापुद्रे असतील. ते तारेच्या ब्रशने निघेपर्यंत घासा, गाडी दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग फॉस्फरिक ॲसिडचं गंज-रूपांतरक लावा. ते उरलेल्या पातळ गंजाचा घट्ट थर करतं. जाड पापुद्र्यावर त्याचा उपयोग नाही. नंतर इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्राइमर, आणि त्यावर चेसी ब्लॅकचे दोन हात. आपल्याकडे नुसता रेडऑक्साइड मारून गाडी सोडतात, ते मला पटत नाही. प्राइमर हे अस्तर आहे. वरचा रंग नसेल तर त्यातून पाणी झिरपतं.

भाच्याच्या तेलाचं म्हणाल तर तिकडे ते दरवर्षी नव्याने मारतात, म्हणून चालतं. आपल्या शेतरस्त्यांच्या धुळीत तेलकट चेसीवर मातीचा लेप चढतो आणि खालचं काहीच दिसत नाही. बंद पोकळ भागांत आतून मेणाचं कोटिंग मारा, उघड्या चेसीला रंगच बरा. जळकं ऑइल मुळीच नको. त्याने रबरी बुश (सांध्यांतले रबर) आणि होस (नळ्या) फुगतात, ब्रेक लायनरवर गेलं तर ब्रेक धरत नाही, आणि जिथे गाडी उभी करता ती जमीन नासते. तुमच्या तर केळीच्या बागा आहेत, विहीर शेजारीच असेल. डांबर स्वच्छ, प्राइमर मारलेल्या चेसीवर एक वेळ चालेल, पण दरवर्षी तडे तपासावे लागतील. कुठलंही कोटिंग सायलेन्सर, ब्रेक ड्रम, प्रॉपेलर शाफ्ट आणि रबरावर जाऊ देऊ नका, आणि चेसी नंबर झाकू नका. फिटनेसला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का या सरकारी तपासणीला, तो वाचता आला पाहिजे. आठ वर्षांनंतर तर फिटनेस दरवर्षीच असतो.

आणि मीठ भरताना हौद्यात खाली चांगली ताडपत्री टाका, कडा फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या) वर वळवून. वरून झाकायला सगळेच ताडपत्री घेतात, खाली कोणी टाकत नाही. चेसीला वाचवणारी तीच आहे.

प्रश्न : आबा, यांची गाडी रासायनिक खताच्या फेऱ्या करते, हिशोब मी बघते. दर महिन्याला टेल लॅम्पचं आणि वायरिंगचं बिल येतं. दिवे लागतात, बंद पडतात. खतामुळे असेल का?
(एक वाचक भगिनी, शिरपूर)

उत्तर : ताई, असू शकतं. युरियालासुद्धा पावसाळी हवेत पाणी सुटतं, आणि खतातला अमोनिया तांब्या-पितळेला खातो. वायरमनला दिवे बदलायला लावू नका. आधी चेसीला जोडलेली अर्थची पट्टी (वीज बॅटरीकडे परत जायची वाट) उघडायला सांगा. तिथे हिरवी-पांढरी पूड दिसेल. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासायच्या, मध्ये रंग न लावता घट्ट आवळायच्या, आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीच्या टोकांनाही तसंच. मागच्या दिव्यांच्या जोडण्या फाळक्याखाली उघड्या असतील तर त्या वर, आडोशाला घ्यायला लावा. एवढं करूनही पुढच्या महिन्यात बिल आलं, तर कोणता दिवा आणि कोणत्या बाजूचा, ते लिहून पाठवा.