चार मीटरचे पंख, 28 लाखांचा गाळा

हडपसरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 47, चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचं काम, हातात महिन्याला 1 लाख 25 हजार. टू-बीएचके फ्लॅट, त्यावर 19 लाखांचं कर्ज अजून बाकी. मुलगी अकरावीत. कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर दोन-चार वेळा आकाशात जाऊन आले, तेव्हापासून वेड लागलं ते लागलंच. आता स्वतः रेडिओ कंट्रोलची ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची छोटी विमानं बनवतात, 4 मीटर पंखांची. काम चालतं हॉलमधल्या डायनिंग टेबलवर. लिहितात, "मागच्या महिन्यात इपॉक्सी (चिकट राळ) लावलेला पंख सुकत ठेवला होता. अचानक पाहुणे आले, टेबल रिकामं करावं लागलं, पंखाला पीळ बसला तो बसलाच. बायको म्हणते, वास घरात नको." शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर, मागच्या बाजूला, 220 चौरस फुटांचा गाळा 28 लाखांना मिळतोय. एफडीतले 10 लाख मोडायचे, 18 लाखांचं कर्ज काढायचं. "जागेचा भाव काय, वाढतच जातो. घेऊन टाकू का?"

नका घेऊ. पण तुम्हाला जागा नकोच असं मात्र मी म्हणणार नाही. जागा हवीय. कार्बन फायबर घासल्याची धूळ जेवणाच्या टेबलावर नको, हे तुमच्या पत्नीच्या आधी मीच सांगितलं असतं.

आधी जागा किती लागते ते बघू. पत्रात तुम्ही सगळीकडे चौरस फूट लिहिलेत, आणि तिथेच गफलत आहे. तुम्हाला लांबी हवी, क्षेत्रफळ नको. तुमचा 4 मीटरचा पंख तीन तुकड्यांत होतो, मधला तुकडा पावणेदोन मीटरच्या आसपास, बाजूचे त्याहून आखूड. बॉडीही साधारण तेवढीच. म्हणजे सव्वादोन मीटर लांब, दोन फूट रुंद, अगदी सपाट आणि न हलणारं एक बाक, आणि त्याला चारही बाजूंनी हात पोचतील एवढी मोकळीक. हे 100 चौरस फुटांत बसतं. पूर्ण पंख जोडून पीळ तपासायला अर्धा तास लागतो, तो गच्चीवर किंवा रात्री हॉलमध्ये होतो. खऱ्या ग्लायडरवाल्यांचंही हेच आहे. 15 मीटर क्लासच्या ग्लायडरचा एकेक पंख साडेसात मीटरचा, तो कोण घरात ठेवणार? लांबलचक ट्रेलरमध्ये पंख वेगळे, बॉडी वेगळी, आणि जोडाजोडी मैदानावर. सुटं करून ठेवता यावं म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. 220 फुटांचा हिशोब तुम्ही गाळा बघितल्यावर केलात, गरज बघून नाही.

आता पैसे. 28 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 1 लाख 96 हजार, नोंदणीचे 28 हजार. गाळा पडला 30 लाख 24 हजारांना. गाळ्याला, घराच्या बाबतीत महिलेच्या नावे मिळते ती 1 टक्क्याची सवलतही नाही. कर्ज 18 लाखच, म्हणजे एफडीतून 10 नव्हे, सव्वाबारा लाख जाणार. तुमच्या 14 लाखांच्या एफडीत उरतात 1 लाख 76 हजार. 10 टक्क्यांनी 10 वर्षांचा हप्ता येतो साधारण 23,800.

तुम्हीच दिलेले आकडे एकाखाली एक मांडतो. घरखर्च 55 हजार, फ्लॅटचा हप्ता 24,500, एसआयपी 25 हजार. आज महिन्याला 20,500 उरतात. गाळा आला की हप्ता 23,800, वर मेंटेनन्स, मिळकतकर, व्यापारी दराची वीज मिळून अडीच हजार धरा. महिन्याला 5,800 कमी पडायला लागतात. मग काय होतं ते मी वीस वर्षं बघतोय. कोणी हप्ता चुकवत नाही, कोणी किराणा कमी करत नाही. गुपचूप एसआयपी बंद होते, "दोन-तीन महिन्यांपुरती". तुमची मुलगी दीड वर्षाने कॉलेजात जाणार, आणि ती एसआयपी तिच्याच नावाने चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय. मध्येच पगार थांबला तर एफडीत उरलेले पावणेदोन लाख दोन महिनेही पुरणार नाहीत, कारण दोन हप्त्यांसकट तुमचा महिना 1 लाख 3 हजारांचा झालेला असेल.

"पण भाव वाढेल ना?" चला, वाढू दे. वर्षाला 5 टक्के धरला तर 10 वर्षांनी 28 चे साडेपंचेचाळीस लाख होतात. आता दुसरी बाजू. त्याला लागूनच असलेल्या तेवढ्याच गाळ्याला 11 हजार भाडं मागताहेत म्हणता. भाडं दरवर्षी वाढणार, म्हणून 10 वर्षांची सरासरी 14 हजार धरतो. एफडीतले सव्वाबारा लाख 7 टक्क्यांनी तसेच राहिले तर साडेचोवीस होतात. हप्ता आणि देखभालीतून भाडं वजा जाऊन महिन्याला 12,300 उरतात, ते 8 टक्क्यांनी वाढले तर साडेबावीस लाखांच्या जवळ. बेरीज 47. दोन्हीकडे कर लागेल, तो सोडून देऊ. 47 आणि साडेपंचेचाळीस यात भांडण्यासारखं काही नाही, खरं सांगायचं तर भाव 6 टक्क्यांनी वाढला तर गाळाच पुढे जाईल.

म्हणजे नफ्या-तोट्याचं कारण देऊन मी तुम्हाला अडवत नाहीये. प्रश्न मधल्या 10 वर्षांचा आहे. 47 लाखांतला कुठलाही लाख तुम्हाला मंगळवारी मोडून बुधवारी फी भरता येतो. मागच्या बाजूचा, रस्त्यावरून न दिसणारा गाळा मंगळवारी विकायला काढला तर पुढच्या दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक येईल की नाही, देव जाणे. मी स्वतः पूर्वी ऑफिससाठी असाच एक आतल्या बाजूचा गाळा घेतला होता. स्वस्त मिळाला. का स्वस्त मिळाला ते विकताना कळलं.

व्याजावर करसवलत मिळेल का असंही विचारलंय. छंदासाठी वापरलेल्या गाळ्यावर ती मिळेल असं धरून चालू नका. पुढे किट विकणार असाल तर व्यवसाय म्हणून वेगळा हिशोब होतो, पण आधी भाड्याच्या जागेतून दहा किट विकून दाखवा, मग बोलू.

पार्किंग बंदिस्त करून तिथे काम करायची पत्रातली कल्पनाही सोडा. स्टिल्टखालचं, म्हणजे इमारतीच्या खांबांमधलं पार्किंग सोसायटीच्या सामाईक जागेत येतं, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. भिंत घालाल आणि पुढच्याच सभेत तुमचा विषय अजेंड्यावर येईल.

माझ्या मते करायचं ते असं. कामाचे दोन भाग पाडा. सर्व्होचं (पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) वायरिंग, पंखावर प्लॅस्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवणं, रेडिओचं सेटिंग यांना ना वास ना धूळ. हे घरी, बेडरूममध्ये भिंतीला बिजागरी लावलेल्या फळीवर. घासणं, फोम कापणं, इपॉक्सी आणि व्हॅक्यूम बॅगिंग (पंख पिशवीत घालून, हवा काढून दाबणं) बाहेर. या बाहेरच्या भागासाठी तोच शेजारचा गाळा भाड्याने घ्या, 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. शनिवारी तुमच्याकडे येणारे दोन मित्र आहेत ना, त्यांची नावं करारात हवीत. नुसतं तोंडी "आपण वाटून घेऊ" नको. 11 हजारांचे तीन वाटे केले की प्रत्येकी 3,700 सुद्धा होत नाहीत. तिघांत 220 फूट कमी पडणार नाहीत, कारण तिघं एकाच वेळी घासायला क्वचितच बसाल. करार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात तो तसा करणं सक्तीचं आहे. इपॉक्सी आणि घासकाम चालेल असं मालकाकडून करारातच लिहून घ्या, नाहीतर वरच्या मजल्यावरून पहिली तक्रार आली की जागा खाली करावी लागेल. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या तिथे रात्रभर चार्जिंगला लावून जायचं नाही, हे तिघांनी आपसात ठरवा.

मित्र तयार झाले नाहीत तर? एकट्याने 11 हजार तुमच्या 20,500 मध्ये बसतात, पण घट्ट. तुम्ही आठवड्याला 14 तास काम करता म्हणता, म्हणजे महिन्याला 60 तास, तासाला 183 रुपये. छंदाला हे महाग आहे असं मी म्हणणार नाही. फक्त 60 तास खरंच होतात का ते मोजा. गाळ्याच्या दाराला आतून कॅलेंडर लावा, कुलूप उघडलं की तारखेवर तास लिहा. तीस भरत असतील तर दुसऱ्या वर्षी मित्रांशिवाय करार वाढवू नका.

मुलीची खोली दीड वर्षाने मोकळी होईल, हे पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय. ती बाहेरगावी गेली तरी सुट्टीत येईल तेव्हा तिला तिथे बाक दिसायला नको. ही खोली हिशोबात धरू नका.

आणखी एक, सही करण्याआधी. तळमजला, मागची बाजू, हे वाचून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो ओलीचा. बाल्सा या हलक्या लाकडाची एक पट्टी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, मालकाला विचारून ती गाळ्यात पावसाळ्यातले आठ दिवस भिंतीपाशी उभी ठेवा, आणि आणून परत तोला. वजन वाढलेलं निघालं किंवा पट्टी वाकली तर भाडं 11 हजारांवरून 5 हजारांवर आलं तरी तो गाळा तुमचा नाही.