कार्टर रोडच्या खडकात दिसलेला बोटभर तपकिरी मासा निवटीचं पिल्लू आहे का?

नाही हो, निवटी नाही ती. तुम्ही लिहिलंय की ओहोटीला कार्टर रोडच्या खडकातल्या एका डबक्यात बोटभर लांबीचा तपकिरी, डागाडागांचा मासा दिसला, जवळ गेलात तर टुणकन उडी मारून शेजारच्या डबक्यात गेला, आणि हे निवटीचं पिल्लू असेल तर घरी टँकमध्ये ठेवू का. टँकचं शेवटी सांगतो, आधी ओळख.

निवटी चिखलातली. खाडीत, तिवरांच्या मुळांपाशी, आणि तिचे डोळे बेडकासारखे डोक्याच्या वर आलेले असतात, पाण्याबाहेर येऊन निवांत बसते, सरपटत फिरते सुद्धा. तुमच्या फोटोतल्या माशाचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला आहेत खरे पण तसे बाहेर आलेले नाहीत, आणि तो पाण्यातच तळाला बसलाय. दोघांचं नातं आहे, दोघेही गोबी नावाच्या माशांच्या गोतावळ्यातले, पण लांबचं. तुमचा मासा मला बाथीगोबियस वाटतो. इंग्रजीत याला फ्रिलफिन गोबी म्हणतात.

आणि हो, बाथीगोबियस हे प्रजातीचं नाव, म्हणजे जीनसचं. शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असतं, पेपरवाले मात्र सर्रास स्पीशीजलाच प्रजाती लिहितात म्हणून आधी सांगून टाकलं. जगभरच्या उष्ण समुद्रांच्या किनाऱ्यांवर हे मासे आहेत, आपल्याकडे, तांबड्या समुद्रात, तिकडे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर. गंमत म्हणजे ग्रीक 'बाथीस'चा अर्थ खोल, आणि हा पठ्ठ्या बसतो घोट्याएवढ्या पाण्यात.

आता ओळखायचा कसा. पहिली दोन वर्षं मी रंगावर जायचो आणि सपाटून चुकायचो. काळ्या खडकावर बसला की काळपट, वाळूवर बसला की फिकट, विणीच्या वेळी नर अजून वेगळा दिसतो, त्यामुळे रंग आणि ठिपके सरळ सोडून द्या. मासे ओळखायच्या ॲपमध्ये फोटो टाकला की ते रंग बघून दहा नावं देतं, त्यातली निम्मी दुसऱ्याच समुद्रातली.

सगळ्यात जास्त घोळ होतो ब्लेनीशी. त्याच डबक्यात, तेवढ्याच आकाराचे, तसेच तळाला टेकून बसणारे मासे असतात ते. पण ब्लेनीचा पाठीवरचा पर मानेपासून शेपटीपर्यंत एक लांब पट्टा असतो, कधी मध्ये थोडी खाच. गोबीच्या पाठीवर दोन पर, पुढचा लहान आणि मागचा मोठा, मध्ये स्पष्ट फट. ब्लेनीचं कपाळ उभं, तोंड खाली, आणि बऱ्याच जणींच्या डोळ्यांवर भुवईसारखा छोटा तुरा असतो. गोबीला तुरा नाही. त्याचं डोकं रुंद, गाल फुगलेले, ओठ जाड, सकाळी झोपेतून उठलेल्या माणसासारखा चेहरा. शिवाय ब्लेनीला खवले नसतात, बुळबुळीत असते, ही शेपूट वळवून बसते तर गोबी बहुतेक वेळा सरळ बसतो, पण हे शेवटचं फक्त अंदाजापुरतं धरा.

मग पोट बघायचं. गोबीचे पोटाखालचे दोन पर जुळून एक वाटी झालेली असते, तिनं तो खडकाला धरून बसतो, लाट आली तरी हलत नाही. ब्लेनीचे पोटाचे पर वेगळे, दोन बोटं टेकवल्यासारखे. हे वरून कधीच दिसत नाही, म्हणून मी पारदर्शक प्लास्टिकचा छोटा डबा नेतो, भाजीवाल्याकडच्या स्ट्रॉबेरीच्या डब्यासारखा, पण भोकं नसलेला. मासा त्यात आला की डबा उचलून खालून आणि बाजूनं फोटो, अर्धा मिनिट, बस.

इथपर्यंत फक्त गोबी ठरला. बाथीगोबियसची खरी खूण कल्ल्यांच्या मागं बाजूला जे मोठे पर असतात तिथं आहे. छत्रीच्या काड्या आठवा. काड्यांमध्ये कापड असतं ना, तसा परात काड्यांमध्ये पातळ पडदा असतो. बाथीगोबियसच्या बाजूच्या परात सगळ्यात वरच्या काही काड्यांना हा पडदा टोकापर्यंत नसतोच, त्या सुट्या, रेशमी धाग्यांसारख्या पसरलेल्या, जणू साडीच्या पदराचं टोक उसवलंय. फ्रिलफिन नाव त्यावरूनच. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं माशाचा पर फाटलाय, कुणीतरी चावलंय, आणि मग दुसऱ्या बाजूला बघितलं तर तिकडंही तसाच, पुढच्या माशाचाही तसाच. पाणी स्थिर हवं, ऊन तिरकं हवं, मग डब्याच्या बाजूनं मोबाईलच्या मॅक्रोवर सुद्धा धागे दिसतात. हनुवटीखाली कातडीची एक घडी असते तीही बघतात, पण त्याला भिंग लागतं, सोडा.

तुमच्या फोटोत तो बाजूचा पर खडकाला चिकटलाय म्हणून मी शंभर टक्के म्हणत नाही. दोन पाठीचे पर आणि फुगलेले गाल मात्र स्वच्छ दिसतायत, आणि उडीचं वर्णन वाचून तर खात्रीच वाटते. जात कुठली, ते या फोटोवरून नका विचारू. आपल्या बाजूला बाथीगोबियस फुस्कस मिळतो, पण जात ठरवायला खवल्यांच्या रांगा आणि काड्या मोजाव्या लागतात, आणि फोटो बघून जातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता ती उडी आणि तुमचा टँक. तुम्हाला वाटलं घाबरून कुठंतरी उडाला. तसं नसतं ते. याचाच अटलांटिकमधला भाऊबंद, बाथीगोबियस सोपोरेटर, त्यावर लेस्टर ॲरन्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं बहामाज बेटांवर काम केलं, 1951 साली त्याचा पहिला पेपर आला. डबक्यात बसलेल्या माशाला पलीकडचं डबकं दिसत नाही, मध्ये खडक असतो, तरी उडी बरोबर पाण्यातच पडते. मग त्यानं कृत्रिम डबकी बांधून बघितलं. जे मासे भरतीच्या पाण्यात त्या जागेवरून पोहून गेले नव्हते ते चुकायचे नाहीतर उडीच मारायचे नाहीत, आणि ज्यांना एक रात्र भरतीचं पाणी देऊन फिरू दिलं ते दुसऱ्या दिवशी बिनचूक उड्या मारायचे. तिथून दूर ठेवून 40 दिवसांनी परत आणून सोडले तरी त्यांना जागा आठवत होती. म्हणजे भरतीला सगळं पाण्याखाली असताना हा खालचे खड्डे पाठ करून ठेवतो आणि ओहोटीला तुमच्यासारखं कोणी आलं की पाठ केलेलं वापरतो.

म्हणून टँकमध्ये नको, आणि डब्यात घेतलात तर ज्या डबक्यातून उचलला त्याच डबक्यात सोडा, दहा पावलं पुढच्या नाही. तिथून त्याला कुठं उडायचं ते कदाचित माहीत नसेल, कोरड्या खडकावर पडला तर कावळे टपलेलेच असतात.

परत जाल तेव्हा अमावस्या नाहीतर पौर्णिमेच्या आसपासची, भरती-ओहोटीच्या तक्त्यात सगळ्यात खालचं पाणी दाखवतील ती वेळ गाठा आणि त्याच्या तासभर आधी पोचा. चपला नको, बंद बूट घाला, कालवांनी पाय कापतात. बाजूच्या पराच्या वरच्या कडेचा एक फोटो काढून इथंच खाली टाका, धागे दिसले की मी माझं उत्तर एडिट करून 'वाटतो' काढून 'आहे' करतो.